तीन स्पर्धा, एकच चूक आणि दहावीचं वर्ष

सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ३९. नवऱ्याबरोबर शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट चालवतात. आधी चालणं, मग धावणं, मग सायकल असं करत करत दोन वर्षांपूर्वी पोहायला शिकल्या आणि या हंगामात तीन ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं लागोपाठ करायच्या शर्यतींत, उतरल्या. पहिली स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराची, पूर्ण केली. पण पोहून आल्यावर कपडे बदलण्यातच नऊ मिनिटं गेली आणि हेल्मेटचा पट्टा न लावता सायकल उचलली म्हणून ऑफिशियलने थांबवलं. दुसरी ऑलिम्पिक अंतराची, तलावातली. पाण्यात शिरल्यावर दम घुसमटला, बचावाच्या होडीला हात लावला, बाद होऊ या भीतीने लगेच सोडला, आणि शेवटून दुसरा नंबर आला. तिसरीत धावताना सहाव्या किलोमीटरला उलट्या झाल्या, डोकं ठणकायला लागलं, स्पर्धा सोडावी लागली. आता ग्रुपमधली मंडळी गोव्याच्या ११३ किलोमीटरच्या स्पर्धेला नाव घालताहेत आणि "होतंय की ओ ताई, घाला नाव" म्हणून मागे लागली आहेत. लवकर नोंदणीची सवलत आठ दिवसांत संपते. इकडे मुलगा जूनमध्ये दहावीत जातोय आणि सासूबाईंचं म्हणणं, दहावीच्या वर्षी आई घरात पाहिजे. ताई विचारतात, "तीन स्पर्धांत तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या. म्हणजे हे माझं कामच नाही का? सोडून द्यावं, की एकदाच मोठी स्पर्धा करून दाखवावी आणि मग बंद करावं?" जाता जाता आणखी एक प्रश्न आहे: ट्रायसूटवर, म्हणजे तिन्ही टप्प्यांत घालायच्या घट्ट पोशाखावर, कुर्ता घालून धावलं तर चालतं का?

ताई,

तुम्ही दोन वाटा मांडल्यात आणि गंमत म्हणजे दोन्ही 'बंद'लाच जाऊन मिळतात. एक आत्ता बंद, दुसरी गोव्याहून आल्यावर. पण याच पत्रात तुम्ही तुळजापूरच्या घाटाबद्दल जवळजवळ एक पान लिहिलंय. पहाटे निघणं, चढाला सायकल जड होत जाणं, वर पोचल्यावर देवीला लांबूनच हात जोडणं आणि उतरताना सगळा पट्टा पायाखाली दिसणं. बंद करायला निघालेली बाई घाटाबद्दल इतकं रमून लिहीत नाही. म्हणून सोडायचं की नाही हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू या आणि हंगामाकडे बघू या.

तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या, असं तुम्ही म्हणता. मला पत्र वाचून एकच गोष्ट तीनदा बिघडलेली दिसते. पोहून आल्यावर ओल्या अंगाने सायकलचे कपडे चढवणं तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धेत केलंत. तळ न दिसणाऱ्या पाण्यात शंभर माणसांबरोबर पोहणं पहिल्यांदा स्पर्धेत केलंत. आणि तिसऱ्या वेळी, तुमचंच वाक्य आहे, "आदल्या दिवशी नंबर घ्यायला गेले तिथे स्टॉलवर एनर्जी जेल मिळाले, सगळे घेत होते म्हणून मीही चार घेतले." तीनही ठिकाणी तुमची ताकद कमी पडलेली नाही. सरावात कधी न केलेली गोष्ट स्पर्धेच्या सकाळी करायला गेलात आणि ती अंगाशी आली. हौशी खेळाडूंचा पहिला हंगाम बहुतेक असाच जातो. फरक इतकाच की पुरुषमंडळी ते किस्से म्हणून रंगवून सांगतात आणि तुम्ही ते स्वतःच्या नालायकीचा पुरावा म्हणून लिहून पाठवलेत.

आता पाण्याचं जरा सविस्तर बोलू, कारण बाकी दोन गोष्टी महिनाभरात सुटतील, ही सुटणार नाही.

तुम्ही स्विमिंग टँकमध्ये बायकांच्या बॅचला पोहता. दर पंचवीस मीटरला भिंत येते, तळाशी रेघ दिसते, पाणी निळं असतं, शेजारी ओळखीची बाई असते. तुम्ही दीड किलोमीटर पोहता म्हणता ते खरंच आहे, पण त्यातल्या प्रत्येक भिंतीला तुम्ही पाय मारता आणि क्षणभर विसावता. तलावात हे चारही आधार एकदम गेले आणि वर कुणाचा तरी पाय तोंडावर आला. त्या वेळी छाती आवळल्यासारखी होणं, श्वास भराभर वरच्या वर होणं ही शरीराची साधी प्रतिक्रिया आहे, चांगल्या पोहणाऱ्यांनाही होते. घाबरलेला माणूस श्वास घेत सुटतो, सोडायचा विसरतो. उपाय उलटा आहे: तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढत श्वास पूर्ण सोडायचा. तेही जमेना तर सरळ पाठीवर व्हायचं, आभाळाकडे बघत पाय हलवत राहायचं. घाई नाही.

आणि होडी. बहुतेक ट्रायथलॉनच्या नियमांत बचावाची होडी किंवा तराफा धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिच्या मदतीने पुढे सरकायचं नाही. दम खाऊन तुम्ही पुन्हा पोहायला लागू शकता, कुणी बाद करत नाही. हे माहीत नसल्यामुळे तुम्ही धरलेला आधार सोडून घुसमटलेल्या अवस्थेत पुढे गेलात. पत्रातली मला सगळ्यांत धोक्याची वाटलेली गोष्ट हीच. शेवटून दुसरा नंबर वगैरे गौण आहे. स्पर्धेच्या आधी जी ब्रीफिंग होते, तिथे नंबरचे स्टिकर चिकटवत बसू नका, पुढे जाऊन बसा आणि नेमकं हेच विचारा.

टँकमध्येही तलावाची थोडी तयारी करता येते. भिंतीला हात न लावता दोन मीटर अलीकडूनच वळायचं. तळाची रेघ बघायची नाही. सात-आठ हात डोळे मिटून मारायचे, मग डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढून समोरची एखादी खूण बघायची आणि लगेच मान वळवून श्वास घ्यायचा. पूर्ण डोकं वर काढलंत की पाय बुडतात, हे पहिल्या दिवशीच कळेल. बॅचमधल्या तिघी-चौघींना सांगून एकाच लेनमध्ये खेटून पोहा, एकमेकींचे हात-पाय लागू द्या. हसू येईल, पण स्पर्धेत जे तोंडावर येतं ते इथे आधी येऊन जाईल.

खुल्या पाण्याचा प्रश्न सोलापुरात अवघड आहे. सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव या पोहायच्या जागा नाहीत. हिप्परग्याच्या तलावावर कुणी "चला उतरू" म्हटलं तरी एकटीने किंवा नुसत्या ग्रुपच्या भरवशावर उतरू नका. पण तुमचं माहेर बार्शीकडचं आहे, मळ्यात विहीर आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. आपल्याकडच्या पिढ्यान् पिढ्या पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकल्या. तिथे अंतर मिळणार नाही, पण हिरवं-काळं पाणी, पायाखाली काही न लागणं, कडेला धरायला नुसता दगड, याची सवय विहिरीइतकी कुठेच होत नाही. मात्र काठावर पोहता येणारा माणूस, सोडलेला दोर आणि उतरायला धड पायऱ्या असल्या तरच. कमरेला बांधायचा, पाण्यावर तरंगणारा नारिंगी फुगा (बॉय) मिळतो तोही घ्या. या खेळात पैसे खर्च करायचे असतील तर आधी त्यावर करा, नव्या चाकांवर नंतर.

एक आकडा सांगतो, घाबरवायला नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला आहे. अशा १३५ घटना सापडल्या. त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या, आणि त्या १३५ जणांत ८५ टक्के पुरुष होते, सरासरी वय ४७ च्या आसपास. लाखो लोक भाग घेतात त्या मानाने आकडा लहानच आहे. पण "पोहणं कसंही उरकू, सायकलवर भरून काढू" हे जे तुमच्या ग्रुपमध्ये बोललं जातं, ते किती उलटं आहे हे यावरून कळतं. त्या मंडळींना हे वाचून दाखवा. चाळिशी ओलांडलेल्यांनी नाव घालण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेतलेली बरी, आणि सरावात छातीत दुखलं, चक्कर आली, तर "पित्त असेल" म्हणून सोडा पिऊन गप्प बसायचं नाही.

तिसऱ्या स्पर्धेकडे येऊ. उलट्या नेमक्या कशाने झाल्या हे पत्रावरून ठरवता येणार नाही, पण संशयित दोन आहेत. एक जेल. त्यात साखर घट्ट असते, एका पाकिटात साधारण २० ते २५ ग्रॅम. ते पाण्याबरोबर घ्यायचं असतं आणि पोटाला त्याची सवय लावावी लागते. तुम्ही सायकलवर तासाभरात तीन खाल्लेत. दुसरं, उन्हाला भिऊन तुम्ही प्रत्येक टेबलावर साधं पाणी भरपूर प्यायलात. घामावाटे मीठ जात असताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मग मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाणी देतात. पुढच्या लांब सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. वजन वाढलेलं दिसलं तर पिणं जास्त झालं असं समजा. थोडं घटणं ठीक आहे.

खाण्यासाठी स्टॉलवर जायची गरजच नाही. दोन-अडीच तासांपर्यंतच्या मेहनतीला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं बहुतेकांना पुरतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर चालतो, बिया काढून सायकलच्या पिशवीत. बाटलीत लिंबू, मीठ, साखर किंवा औषधाच्या दुकानातलं ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. शेंगापोळीचा मोह मला समजतो, पण शेंगदाण्याच्या तेलाला पचायला वेळ लागतो, ती घरी आल्यावर. आणि एकदा काय घ्यायचं ते ठरलं की दर रविवारी तेच घ्या, इतकं की कंटाळा येईल.

कपड्यांच्या नऊ मिनिटांबद्दल फार लिहीत नाही. ट्रायसूट एकच, पोहण्यापासून धावण्यापर्यंत तोच. बदलायचं काही नाही. आधी हेल्मेटचा पट्टा, मगच सायकलला हात, आणि सायकल परत स्टँडला लावेपर्यंत पट्टा काढायचा नाही. अंगणात चटई टाकून आठवड्यातून एकदा हे नुसतं करून बघा. मुलाला स्टॉपवॉच द्या, त्याला मजा येईल.

आता गोवा. तुम्ही ऑलिम्पिक अंतराला पत्रात तीनदा "छोटी स्पर्धा" म्हटलंय. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा धावणं. सिडनीत २००० साली ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आली तेव्हापासून तिथे जगातले सगळ्यांत वेगवान लोक याच अंतराला उतरतात. ११३ ही वेगळी शर्यत आहे, वरची इयत्ता नव्हे. १.९ किलोमीटर पोहणं, तेही गोव्यात समुद्रात, मग ९० किलोमीटर सायकल आणि वर अर्धी मॅरेथॉन. २०१९ पासून तिथे ती होते, आणि आयर्नमॅन ७०.३ या तिच्या मालिकेच्या नियमाप्रमाणे पोहण्याला एक तास दहा मिनिटांची मर्यादा असते. तलावात घुसमटलेल्या बाईने पुढचं पाऊल म्हणून लाटांचा समुद्र निवडावा, असं मला वाटत नाही. शिवाय तुमच्या ग्रुपला ते ठरवू देऊ नका. "होतंय की ओ ताई" हे ते प्रेमाने म्हणतात यात शंका नाही, पण तुमच्या तळ्यातल्या त्या पाच मिनिटांत त्यांच्यापैकी कुणी शेजारी नव्हतं. सवलत आठ दिवसांत संपते, तर संपू दे. पुढच्या वर्षी पुन्हा निघेल. तो त्यांचा धंदा आहे.

माझं मत विचाराल तर येत्या हंगामात पुन्हा ऑलिम्पिक अंतरच करा, एक किंवा फार तर दोन, त्यातली एक जिथे घाबरलात त्याच तलावात. पोहून बाहेर आल्यावर तुम्हाला आणखी दहा मिनिटं पोहता आलं असतं असं वाटलं, तर ११३ चा विचार त्याच्या पुढच्या वर्षी करा.

हाच निर्णय दहावीच्या कारणानेही घेता आला असता, पण त्या कारणाने तो घेऊ नका. सासूबाईंवर मी टीका करत नाही. त्यांच्या काळात दहावीला आई घरात म्हणजे पोराच्या उशाशी कंदील, दूध आणि धाक. तुमच्या मुलाला काय हवंय हे मात्र पत्रात कुठेच नाही. त्याला विचारलंत का? पंधरा वर्षांच्या बऱ्याच मुलांना दहावीच्या वर्षी आई चोवीस तास समोर बसलेली नको असते, तो स्वतः तोंडाने सांगणार नाही एवढंच. आणि दुसरं: त्याचे बाबा दहावीसाठी काय सोडणार आहेत? रविवारचं त्यांचं क्रिकेट बंद होतंय का? हा प्रश्न घरात भांडायला नको, पण जेवताना सहज विचारायला हरकत नाही. दहावीचं वर्ष घराचं असेल तर ते घरात सगळ्यांमध्ये वाटलं जाऊ दे.

तासांचा हिशेब मात्र खरा आहे. ऑलिम्पिक अंतराला आठवड्याला सहा-सात तास पुरतात. ११३ ला ते दहा-बाराच्या घरात जातात आणि रविवारची सकाळ पूर्ण जाते, नेमकी सहामाहीच्या आसपास. सहा तास तुम्ही पहाटे बसवू शकता, ते तुम्ही यंदा केलंच आहे. घरच्यांना बहुतेक वेळा तासांपेक्षा अनिश्चितता खटकते. "रविवारी सव्वानऊला दारात" असं सांगून निघालात आणि सव्वानऊला आलात, की अर्धी कुरकुर आपोआप थांबते. साडेदहाला येऊन "पंक्चर झालं होतं" म्हणालात तर पुढचे चार रविवार गेलेच म्हणून समजा.

तुमच्या धंद्याने एक सोयही करून दिली आहे, तिच्याकडे तुम्ही अडचण म्हणून बघताय. मार्च ते जून गणवेशाचा हंगाम, तेव्हा रात्री अकरापर्यंत मशिनी चालतात. याच काळात सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो. या दिवसांत ट्रायथलॉनचा सराव धड कुणाचाच होत नाही, तुमच्या ग्रुपमधले उत्साही वीरही मे महिन्यात नुसत्या फोटोंवर जगतात. तुम्ही तेव्हा फक्त पोहा, आठवड्याला तीनदा. टँकमध्ये ऊन लागत नाही, कटिंग टेबलावर वाकून धरलेली पाठ मोकळी होते, आणि नेमकं हेच तुमचं कच्चं अंग आहे. शाळा सुरू झाल्या, शेवटच्या ऑर्डरी गेल्या, की जुलैपासून सायकल आणि धावणं हळूहळू वाढवा. बहुतेक सराव बोलता बोलता करता येईल इतक्याच वेगाने. तुमच्या घड्याळातले आकडे बघता तुम्ही रोजच शर्यत पळताय. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच पंधरा मिनिटं धावा. पहिल्यांदा पाय स्वतःचे वाटत नाहीत, महिन्याभरात वाटायला लागतात.

ऑक्टोबर उलटला की एक पथ्य पाळा. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आपल्या जिल्ह्यातला कुठलाही रस्ता पहाटे पाच वाजता सायकलला चांगला नाही. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, वर टेपचा आवाज. उजाडल्यावरच निघा, मागे लाल दिवा लावूनच, आणि एकटीने नको. अंधारातच करायचं असेल तर सायकल घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, लावा. त्याचा आवाज तुमच्या ओव्हरलॉक मशीनपेक्षा कमीच असतो.

रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही. सराव वाढवलेल्या, पाळी जास्त जाणाऱ्या बायकांत लोह कमी असणं फार सर्रास आढळतं, आणि ते कमी असेल तर कितीही मेहनत केली तरी पाय जडच राहतात. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच.

आणि हो, कुर्ता. धावण्याच्या टप्प्यात ट्रायसूटवर सुती कुर्ता घातला तर बहुतेक हौशी स्पर्धांत कुणी हरकत घेत नाही, फक्त नंबर समोरून दिसला पाहिजे, म्हणून नंबराचा पट्टा कुर्त्यावरून बांधा. तरी आयोजकांना आधी एक मेल टाका. सायकलवर मात्र कुर्ता नको, चाकात जातो. आणि घालणार असाल तर सुती भिजून जड होतो, तेव्हा तुमच्याच युनिटमधलं ते स्पोर्ट्स गणवेशाचं जाळीदार कापड घ्या, गुडघ्याच्या वर चार बोटं ठेवून शिवा आणि एखाद्या रविवारी दहा किलोमीटर त्यात धावून बघा, काखेत कुठे घासतं का ते.